फॅरेडेचं टपाल

व्हायवाला एक्स्टर्नलने फॅरेडेचा नियम विचारला की आपण डोळे मिटून सांगतो, ई बरोबर मायनस एन डी-फाय बाय डी-टी. मित्रांनो, गंमत अशी आहे की हे समीकरण खुद्द मायकेल फॅरेडेसमोर ठेवलं असतं तर त्याला त्यातलं काही कळलं नसतं. कॅल्क्युलस तो कधी शिकलाच नव्हता. एम-वन, एम-टू, एम-थ्री तर सोडाच, त्याने विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरीसुद्धा चढली नव्हती. त्यात भर म्हणजे पन्नाशी गाठायच्या आत त्याची स्मरणशक्ती दगा देऊ लागली. आणि याच माणसाने मोटर, ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर या तिघांचाही पाया घातला, ज्यांच्या जिवावर आपलं अख्खं इलेक्ट्रिकल डिपार्टमेंट उभं आहे.

हे त्याला कसं जमलं याचं अर्धं उत्तर त्याच्या प्रयोगशाळेत आहे आणि ते आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. उरलेलं अर्धं त्याच्या टपालात आहे. फॅरेडेने लिहिलेली आणि त्याला आलेली अशी मिळून सुमारे पाच हजार पत्रं आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. फ्रँक जेम्स या संशोधकाने १९९१ ते २०१२ या काळात ती सहा जाडजूड खंडांत संपादित केली. हा माणूस स्वतःला जे येत नव्हतं ते पत्रातून दुसऱ्याकडे मागत होता, आणि लाजत नव्हता. मला तरी त्याच्या आयुष्यातली ही गोष्ट इंडक्शनइतकीच मोठी वाटते. आणि हो, या लेखात मी त्याला ‘तो’च म्हणणार आहे. पत्रं वाचल्यावर ‘ते’ म्हणवत नाही.

जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स इथला. वडील लोहार, तेही सतत आजारी. शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि हिशेब, तेवढीच. तेराव्या वर्षी जॉर्ज रीबो यांच्या बुकबाइंडिंगच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला आणि १८०५ पासून सात वर्षांच्या करारावर तिथेच शिकाऊ झाला. बांधायला आलेली पुस्तकं हा पठ्ठ्या आधी वाचायचा आणि मग बांधायचा. जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं सोपं पुस्तक आणि ब्रिटानिका ज्ञानकोशातला विजेवरचा लेख, या दोन गोष्टींनी त्याचं डोकं फिरवलं. मग एक शिलिंग फी असलेली संध्याकाळची विज्ञानाची व्याख्यानं सुरू झाली. पैसे थोरला भाऊ रॉबर्ट द्यायचा, तोही लोहारकीच करत होता.

या व्याख्यानांना त्याला एक मित्र भेटला, बेंजामिन ॲबट. हा कारकून होता, लंडनच्याच बर्मंडसी भागात राहणारा. म्हणजे भेटायचं तर चालत जाऊन भेटता आलं असतं. पण फॅरेडेने आयझॅक वॉट्स यांच्या पुस्तकात वाचलं होतं की बुद्धी तल्लख करायची असेल तर मित्राशी नियमित पत्रव्यवहार ठेवावा. झालं! जुलै १८१२ मध्ये त्याने ॲबटला पहिलं लांबलचक पत्र लिहिलं. तेव्हा तो वीस वर्षांचा होता, म्हणजे बरोबर माझ्या वयाचा. त्या पत्रात सरळच सांगून टाकलंय की मला नीट लिहिता येत नाही, विचार सुसंगत मांडता येत नाहीत, तेव्हा आपण एकमेकांना लिहीत जाऊ. आणि लगेच बॅटरीची बातमी! जस्ताचा पत्रा आणून स्वतःच्या हाताने अर्ध्या पेनीच्या नाण्याएवढ्या सात चकत्या कापल्या, त्यांच्या जोडीला तांब्याची अर्ध्या पेनीची नाणी घेतली, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे गोल ठेवले आणि तयार झालेल्या करंटने मॅग्नेशियम सल्फेटचं विघटन केलं. बुडबुडे बघून झालेला आनंद दोनशे वर्षांनंतरही कागदावरून उडी मारतो. आपण तोच प्रयोग जर्नलमध्ये सीनियरच्या रीडिंग घालून पूर्ण करतो, हा भाग वेगळा.

लिहिणं सुधारायचं हे त्याने फार मनावर घेतलं होतं. एडवर्ड मॅग्राथ नावाच्या दुसऱ्या मित्राकडून त्याने आठवड्याला दोन तास याप्रमाणे सात वर्षं आपली भाषा, स्पेलिंग आणि विरामचिन्हं तपासून घेतली. सात वर्षं!

पुढची कथा प्रसिद्ध आहे म्हणून थोडक्यात सांगते. १८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्याने चार व्याख्यानांची टिपणं घेतली, त्यावरून आकृत्यांसकट सुमारे तीनशे पानं सुवाच्य लिहून काढली आणि अर्थातच स्वतः बाइंड केली. विज्ञानात कसलीही नोकरी द्या म्हणून रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र टाकलं, त्याचं उत्तर आलं नाही. मग डिसेंबरमध्ये डेव्हींना पत्र लिहून ती बांधलेली वही सोबत धाडली. डेव्हींचं उत्तर २४ डिसेंबर १८१२ ला आलं. बाहेरगावी जातोय, जानेवारीच्या शेवटी परतल्यावर भेटू, एवढाच मजकूर. दोन-चार ओळींच्या या पत्राने काय केलं ते पाहा. १ मार्च १८१३ ला फॅरेडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये असिस्टंट झाला. आठवड्याला २५ शिलिंग पगार आणि वरच्या मजल्यावर दोन खोल्या.

नोकरीला लागून तीन महिने होतात न होतात तोच त्याने ॲबटला व्याख्यान कसं द्यावं यावर एकामागून एक चार पत्रं लिहिली. हे आपल्या स्टाफसाठी मुद्दाम लिहिते आहे, कृपया रागावू नये. हॉलचा आकार कसा हवा, हवा खेळती का हवी, आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट वेगवेगळी का हवी, इथपासून सुरुवात. व्याख्यात्याने शक्यतो श्रोत्यांकडे पाठ करू नये. एक तास कोणालाही पुरेसा आहे, त्यापुढे लांबवू नये. जो माणूस अजून कोणाची बाटलीसुद्धा न विचारता उचलू शकत नव्हता, तो एकवीस वर्षांचा मुलगा मागच्या कोपऱ्यात उभा राहून हे सगळं टिपत होता. पुढे १८२६ मध्ये त्याने शुक्रवारची संध्याकाळची व्याख्यानं सुरू केली आणि त्याच सुमारास मुलांसाठी ख्रिसमसची व्याख्यानं सुरू झाली. दोन्ही आजही चालू आहेत.

ऑक्टोबर १८१३ मध्ये डेव्ही पतिपत्नी युरोपच्या दौऱ्यावर निघाले आणि फॅरेडे त्यांच्याबरोबर गेला. डेव्हींच्या नोकराने ऐन वेळी यायला नकार दिला, तेव्हा तात्पुरतं तेही काम फॅरेडेने पाहावं असं ठरलं. तात्पुरतं कसलं, दीड वर्ष तेच! पॅरिसमध्ये आंपेर भेटले, मिलानमध्ये वृद्ध व्होल्टा भेटले, पण लेडी डेव्हींच्या लेखी हा गडीच. १८१५ च्या सुरुवातीला रोमहून ॲबटला लिहिलेल्या पत्रात त्याने सगळं मन मोकळं केलंय. परत यावंसं वाटतंय, पण शिकायला मिळतंय म्हणून थांबलोय, असा त्याचा सूर. घरापासून लांब होस्टेलमध्ये राहणाऱ्या कोणालाही हे पत्र समजावून सांगायची गरज नाही.

१८२१ मध्ये त्याचं सेरा बर्नार्डशी लग्न झालं. लग्नाआधी तिला लिहिलेल्या एका पत्रात त्याने कबूल केलंय की मला तुझ्याबद्दल लिहायचं आहे, पण डोक्यात क्लोराइड, तेल, डेव्ही, पोलाद, पारा असल्या पन्नास गोष्टी पोहत आहेत. असलं प्रेमपत्र मिळूनही सेरा हो म्हणाली, ही बाई थोरच म्हटली पाहिजे. त्यांना मूलबाळ झालं नाही, पण संसार शेवटपर्यंत सुखाचा झाला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने विद्युतप्रवाह वाहणारी तार चुंबकाभोवती गरगर फिरवून दाखवली. जगातली पहिली मोटर. पेपर घाईत छापला आणि विल्यम वुलस्टन यांची कल्पना चोरल्याचा आरोप अंगावर आला. ते प्रकरण त्याला फार लागलं. डेव्ही आणि त्याच्यात दुरावा आला तोही याच काळात. १८२४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला, पण अध्यक्षपदी असलेले डेव्हीच त्याच्या विरोधात होते. ज्याने हात दिला त्यानेच.

इथे आंपेर यांच्याशी झालेला पत्रव्यवहार महत्त्वाचा आहे. आंपेर म्हणजे गणिताचे बादशहा. करंट वाहणाऱ्या तारांमधल्या आकर्षणाचं सगळं गणित त्यांनी बसवलं होतं. १८२२ मध्ये फॅरेडेने त्यांना लिहिलं की माझ्या दुर्दैवाने मला गणित येत नाही, त्यामुळे मी एकेक वस्तुस्थिती शेजारी शेजारी ठेवत चाचपडत पुढे जातो. आंपेरना हे लिहिणं सोपं नव्हतं. पण त्यात नुसती नम्रता होती असं मला वाटत नाही. सिद्धांताकडे तो संशयानेच बघायचा. समीकरणाने डोळे दिपले नाहीत म्हणून त्याला तारेभोवतीची जागा दिसली. लोखंडाचा कीस कागदावर टाकला की ज्या रेषा उमटतात त्या त्याच्या दृष्टीने खऱ्या होत्या. ज्याला आपण आज फील्ड म्हणतो ते त्या कीसातून निघालंय.

आता १८३१. २९ ऑगस्टला लोखंडी कड्यावर दोन कॉइल गुंडाळून त्याने इंडक्शन शोधलं. सहा इंच व्यासाचं ते कडं म्हणजे जगातला पहिला ट्रान्सफॉर्मर. पण करंट चालू असताना काहीच होत नव्हतं, फक्त चालू किंवा बंद करताना काटा हलत होता. नक्की काय हाताला लागलंय ते कळेना. २३ सप्टेंबरला रिचर्ड फिलिप्स या मित्राला त्याने लिहिलं की गळाला काहीतरी चांगलं लागलंय असं वाटतं, पण तो मासा आहे की पाण्यातलं गवत ते ओढल्यावर कळेल. मासा होता! २४ नोव्हेंबरला रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला गेला.

आणि मग एका पत्राने घोळ घातला. डिसेंबरमध्ये फॅरेडेने पॅरिसच्या हाशेट या गणितज्ञ मित्राला खुशीत सगळं कळवलं. हाशेटने ते पत्र २६ डिसेंबरला तिथल्या विज्ञान अकादमीत वाचून दाखवलं, दोन दिवसांत ते वर्तमानपत्रात आलं, ते इटलीत नोबिली आणि अंतिनोरी या दोघांनी वाचलं, लगेच प्रयोग केले आणि निबंध छापला. फॅरेडेचा मूळ निबंध अजून छापखान्यातच! त्यात ज्या इटालियन मासिकात तो आला त्याचा अंक उशिरा निघालेला, त्यामुळे वर तारीख नोव्हेंबर १८३१ ची. इटालियन लोकांनी फॅरेडेचं नाव घेतलं होतं, पण तारीख बघून इंग्लंडमध्येच कोणीतरी छापलं की शोध आधी इटलीत लागला. फॅरेडे खवळला. नंतर त्याने गे-ल्यूसॅक यांना खूप मोठं पत्र लिहून एकेक मुद्दा खोडला. आपल्याकडे असाइनमेंट मित्राला दिली आणि त्याने ती आपल्याआधी सबमिट केली की जे होतं तेच, फक्त जरा मोठ्या प्रमाणावर.

यानंतर त्याने एक विचित्र पत्र लिहिलं. तारीख १२ मार्च १८३२. हे कोणालाच पाठवलं नाही. लिफाफा सीलबंद करून रॉयल सोसायटीच्या तिजोरीत ठेवायला दिला. आत लिहिलं होतं की चुंबकाचा परिणाम एका जागेहून दुसरीकडे पोचायला वेळ लागत असावा, आणि तो पाण्यावरच्या तरंगांसारखा किंवा हवेतल्या आवाजासारखा पसरत असावा. सिद्ध करायला सध्या सवड नाही, पण कल्पना माझी आहे याची ही नोंद. तो लिफाफा उघडला गेला १९३७ मध्ये, म्हणजे १०५ वर्षांनी. तोवर घरोघरी रेडिओ वाजत होते.

आता माझ्या आवडीचं प्रकरण. १८३३-३४ मध्ये इलेक्ट्रोलिसिसचे नियम सापडल्यावर फॅरेडेला शब्द अपुरे पडू लागले. तेव्हा सगळे ‘पोल’ म्हणायचे. पोल म्हटलं की तो ओढतो असा अर्थ येतो, आणि फॅरेडेच्या मते ते टोक काही ओढत नव्हतं, ते नुसतं दार होतं. इलेक्ट्रोड आणि इलेक्ट्रोलाइट हे शब्द त्याने आपले डॉक्टर व्हिटलॉक निकॉल यांच्या मदतीने बनवले. पण दोन दारांना दोन नावं पाहिजेत, आणि ग्रीक तर येत नाही. एप्रिल १८३४ मध्ये त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांना पत्र टाकलं. ह्यूएल म्हणजे चालता-बोलता ज्ञानकोश, ‘सायंटिस्ट’ हा इंग्रजी शब्दही त्यांचाच. फॅरेडेने अडचण अशी मांडली: उद्या करंटची दिशा उलटी आहे असं ठरलं तरी नाव चुकीचं ठरू नये. मग त्याने एक आधार सुचवला. पृथ्वीचं चुंबकत्व तिच्याभोवती पूर्वेकडून पश्चिमेला वाहणाऱ्या करंटमुळे आहे असं समजू. सेल त्याच दिशेने ठेवला तर एक टोक सूर्य उगवतो तिकडे आणि दुसरं मावळतो तिकडे. ह्यूएलांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी. वर येण्याची वाट ती अ‍ॅनोड, खाली जाण्याची वाट ती कॅथोड. काही दिवसांत आयन, अ‍ॅनायन आणि कॅटायनही आले. लंडनच्या मित्रांनी या शब्दांना नाकं मुरडली तेव्हा फॅरेडेने ह्यूएलांच्या नावाची ढाल पुढे केली, आणि तसं त्यांना कळवलंही.

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे धनाग्र आणि ऋणाग्र हे शब्द मी कॉलेजात येऊन मराठी माध्यमातल्या रूममेटकडून पहिल्यांदा ऐकले. ऐकायला छान आहेत. पण ह्यूएलांना पाठवलेलं पत्र वाचल्यापासून ते मला खटकतात. फॅरेडेला नेमकं हेच टाळायचं होतं, नावातच धन-ऋण चिकटवणं. अ‍ॅनोड म्हणजे जिथून करंट सेलमध्ये शिरतो ते टोक, एवढंच. इलेक्ट्रोलिसिसमध्ये ते धन असतं, पण बॅटरी डिस्चार्ज होत असताना अ‍ॅनोड हे निगेटिव्ह टर्मिनल असतं. मग त्याला धनाग्र म्हणायचं कसं? यावर रूममेटशी रात्री दीडपर्यंत वाद झाला. तिचं म्हणणं, सूर्य मावळायचं टोक म्हणून अस्ताग्र म्हण की मग! म्हणायला हरकत नाही, पण ते कॅथोडला लागेल.

१८४० मध्ये इंग्लंडमध्ये पेनी पोस्ट सुरू झालं. त्याआधी बहुतेक पत्रांचे पैसे घेणाऱ्याला भरावे लागत, तेही अंतर आणि कागद मोजून. आता एका पेनीत पत्र देशभर कुठेही. पण बरोबर याच काळात फॅरेडेची तब्येत ढासळली. चक्कर यायची, डोकं जड व्हायचं आणि लक्षात राहीनासं झालं. १८४१ मध्ये विश्रांतीसाठी सेरा त्याला स्वित्झर्लंडला घेऊन गेली. तिथे तो एका दिवसात मैलोन्‌मैल चालायचा. पाय शाबूत, पण कालचं वाचलेलं आज गायब.

यावर त्याने काढलेला उपाय अस्सल इंजिनिअरचा आहे. १८३२ पासूनच तो प्रयोगवहीतल्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक देत असे. ते क्रमांक पुढे १६०४१ पर्यंत गेले. जे डोक्यात राहत नाही ते कागदावर, आणि कागदावरचं सापडेल असं. जे कागदावरही मावत नव्हतं ते पत्रांत. बाझलचे प्राध्यापक शोनबाइन, ओझोन शोधणारे, यांच्याशी १८३६ मध्ये लोखंडावर नायट्रिक आम्लाचा परिणाम का होत नाही यावरून सुरू झालेला पत्रव्यवहार २६ वर्षं चालला. सुरुवातीची पत्रं सगळी प्रयोगांची. पुढे पुढे फॅरेडे लिहितो की तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचतो, पण निसटून जातं. शोनबाइन तरीही लिहीत राहिले.

१८४५ मध्ये एक पत्र आलं आणि फॅरेडे जणू जागा झाला. पाठवणारा विल्यम थॉमसन, वय २१, नुकताच केंब्रिजमधून पास झालेला. हेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन. या मुलाने फॅरेडेच्या कल्पना गणितात मांडायला सुरुवात केली होती, आणि ६ ऑगस्टच्या पत्रात त्याने विचारलं की पारदर्शक डायइलेक्ट्रिकमधून पोलराइज्ड प्रकाश जाताना त्याच्यावर विजेचा काही परिणाम होतो का? दोन दिवसांत फॅरेडेचं उत्तर: पूर्वी करून पाहिलं होतं, काही दिसलं नाही, पुन्हा करतो. आणि खरंच पुन्हा केलं. विजेने काही होईना, तेव्हा चुंबक लावला. एका काचेत नाही, दुसऱ्या काचेत नाही. मग हाताशी आला जड काचेचा एक तुकडा, शिसं आणि बोरॉन असलेला. पंधराएक वर्षांपूर्वी दुर्बिणींसाठी चांगली काच बनवण्याच्या कंटाळवाण्या सरकारी कामात त्याने स्वतःच ती काच ओतली होती, आणि ते काम जवळजवळ वाया गेलं होतं. १३ सप्टेंबर १८४५ ला त्या काचेत प्रकाशाची पातळी फिरली. प्रकाश आणि चुंबकत्व यांचा काहीतरी संबंध आहे याचा पहिला पुरावा. आज सबस्टेशनमध्ये करंट मोजायचे जे ऑप्टिकल सेन्सर बसवतात ते याच परिणामावर चालतात. ५३ वर्षांच्या, विसराळू झालेल्या माणसाला एकवीस वर्षांच्या मुलाने प्रश्न विचारला आणि त्याने तो मनावर घेतला. मला कोणी विचारलं की या पाच हजारांतलं कुठलं पत्र स्वतःच्या हातात घेऊन बघायला आवडेल, तर हेच.

मधल्या काळात त्याने वर्तमानपत्रालाही पत्रं लिहिली. १८५३ मध्ये टेबल आपोआप फिरतं म्हणणाऱ्या भुताटकीवाल्यांचा त्याने प्रयोग करून निकाल लावला. जुलै १८५५ मध्ये बोटीतून जाताना थेम्स नदीत पांढरी कार्डं भिजवून टाकली, ती इंचभर बुडायच्या आत दिसेनाशी झाली, आणि हे त्याने ‘टाइम्स’ला कळवलं. नदीचं प्रदूषण मोजायची इतकी स्वस्त रीत मी दुसरी वाचलेली नाही.

शेवटचा मोठा पत्रव्यवहार जेम्स क्लर्क मॅक्सवेलशी. मॅक्सवेलचा जन्म १३ जून १८३१ चा, म्हणजे त्या लोखंडी कड्याच्या प्रयोगाआधी अडीच महिन्यांचा. १८५७ मध्ये त्याने फॅरेडेच्या बलरेषांवरचा आपला गणिती निबंध त्याला पाठवला. तेव्हा तो ॲबरडीनला प्राध्यापक होता, वय २५. २५ मार्चला फॅरेडेने लिहिलं की माझ्या विषयावर गणिताचा एवढा मारा पाहून आधी मी घाबरलोच, आणि मग विषयाने तो इतका छान सोसलेला पाहून नवल वाटलं. वर्षानुवर्षं ज्या रेषांना मोठमोठे गणिती हसत होते, त्यांना कोणीतरी गणिताच्या दरबारात खुर्ची दिली होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने मॅक्सवेलला एक विनंती केली, जी प्रत्येक एम-थ्रीच्या वर्गात फ्रेम करून लावावी. गणितज्ञ जेव्हा उत्तरापर्यंत पोचतो, तेव्हा तेच उत्तर साध्या भाषेत, तितक्याच स्पष्टपणे आणि पूर्णपणे सांगता येणार नाही का? त्या चित्रलिपीतून आमच्यासाठी भाषांतर करून दिलं तर आम्हीही त्यावर प्रयोग करू. ६६ वर्षांचा, सगळ्या युरोपने पदव्या दिलेला माणूस २६ वर्षांच्या पोराला हे विचारतो. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद ज्याने दोनदा नाकारलं तो हाच माणूस.

मॅक्सवेलने भाषांतर केलं. १९ ऑक्टोबर १८६१ च्या पत्रात त्याने फॅरेडेला कळवलं की कोलराउश आणि वेबर यांनी जर्मनीत विजेची जी मोजमापं केली आहेत त्यावरून माझ्या हिशेबाने तरंगाचा वेग सेकंदाला १,९३,०८८ मैल येतो, आणि फ्रान्सच्या फिझोने प्रत्यक्ष मोजलेला प्रकाशाचा वेग आहे १,९३,११८ मैल. आजच्या मापाने दोन्ही आकडे थोडे जास्तच आहेत, प्रकाशाचा खरा वेग १,८६,२८२ मैल. पण मुद्दा दोघांच्या जुळण्याचा होता. प्रकाश हाच विजेचा आणि चुंबकाचा तरंग आहे. रॉयल सोसायटीच्या तिजोरीतल्या त्या सीलबंद लिफाफ्यात २९ वर्षांपूर्वी जे लिहिलं होतं ते आता आकड्यांत उतरून आलं. आणि ते आलं तेव्हा फॅरेडे सत्तर वर्षांचा होता.

२० जून १८६२ ला त्याने शुक्रवारचं शेवटचं व्याख्यान दिलं, विषय होता गॅसच्या भट्ट्या. त्याच्या टिपणातच स्मृती गेल्याचा उल्लेख आहे, श्रोत्यांचा निरोप घ्यायचा म्हणून लिहिलेला. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला शोनबाइनना शेवटचं पत्र गेलं. त्यात विज्ञान काहीच नाही. मी पुन्हा पुन्हा पत्र लिहितो आणि फाडून टाकतो, कारण मी लिहितो ते निरर्थक असतं, एक ओळसुद्धा सलग लिहिता येत नाही, स्पेलिंगही जमत नाही. हा गोंधळ कधी निवळेल का ते माहीत नाही. यापुढे लिहिणार नाही. प्रेम आहेच.

मॅग्राथकडे सात वर्षं ज्याने स्पेलिंग तपासून घेतलं होतं, त्याने हे लिहिलं. फाडता फाडता एक पत्र त्याने फाडलं नाही आणि पोस्टात टाकलं, म्हणून आपल्याला हे कळलं.

पुढच्या वर्षी ग्लासगोहून सेराला लिहिलेलं एक छोटं पत्र आहे. डोकं भरलंय, मनही भरलंय, पण आठवण झरझर चाललीय, असं त्यात आहे. खोलीत सोबत असलेल्या मित्रांबद्दलही आठवण राहत नाही, असंही. शेवटची वर्षं तो हॅम्प्टन कोर्टला राणीने राहायला दिलेल्या घरात होता. २५ ऑगस्ट १८६७ ला तिथेच, आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. शोनबाइन त्यानंतर एका वर्षाने गेले.